मोरसला गेलेल्या पूर्वजाचं गाव कसं शोधायचं?

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांची सून मॉरिशसची, म्हणजे जुन्या माणसांच्या ‘मोरस’ची, तिथल्या मराठी घरातली. माहेरचं आडनाव ‘सकाराम’. घरात बोलणं क्रिओल आणि थोडं भोजपुरी, मराठी ती शाळेत शिकली. पण घरी गणपती बसतो, मोठ्या कार्यानंतर गोंधळ घालतात, आणि पूर्वज ‘रत्नागिरीचे’ एवढं सगळ्यांच्या तोंडी आहे. आता नातू झालाय आणि सुनेला मूळ गाव शोधायचंय. ताई विचारतात: रत्नागिरीला जाऊन सकाराम आडनावाची माणसं शोधली तर सापडतील का? जुन्या सात-बारावर पूर्वजाचं नाव मिळेल का? आणि एक जण महिन्याभरात ‘संपूर्ण वंशवृक्ष’ काढून देतो म्हणतोय, त्याला काम द्यावं का?

ताई, तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तरी गाव सापडण्याची आशा मला चांगली वाटते, म्हणून जरा लांबण लावून लिहितो. मी गेली सव्वीस वर्षं मोडी वाचतोय, कोकणातल्या घराण्यांचे कागद लावून देतोय, आणि त्यात मॉरिशसहून आलेली कुटुंबंही बरीच होती.

आधी आडनावाचं. रत्नागिरी जिल्हा पालथा घातला तरी सकाराम आडनावाचं घर मिळायचं नाही, कारण ते आडनाव नव्हेच. तो सखाराम. जहाजातून उतरलेल्या माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच नोंदलं जाई. गावाकडेही रोजच्या व्यवहारात तो ‘सखाराम बिन राणू’, म्हणजे राणूचा मुलगा सखाराम, असाच असणार (राणू हे बापाचं नाव मी उदाहरणादाखल धरलंय, खरं नाव उताऱ्यात मिळेल). मोरे, शिंदे, धुमाळ ही ओळख भावकीत आणि देवळात लागे, कचेरीत क्वचित. पुढच्या पिढीच्या जन्मनोंदीत बापाचं नाव मुलाचं आडनाव झालं आणि कायमचं चिकटलं. त्यात कारकुनाचा कान इंग्रजी नाहीतर फ्रेंच वळणाचा. फ्रेंचमध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही, ‘ठ’ आणि ‘ट’ यांत फरक नाही, ‘ळ’ तर ऐकूच येत नाही. म्हणून सखारामचा सकाराम झाला, आपल्याकडच्या बोलीत विठूचा इठू होतोच त्याचा तिकडे इट्टू झाला, धोंडूचा दोंदू झाला. तेव्हा सुनेच्या आडनावाने तुम्हाला दिलेली माहिती फार मोलाची आहे, पण ती वेगळीच: मॉरिशसला पाय ठेवणारा पहिला पुरुष, किंवा त्याच्या जवळच्या पिढीतला कुणीतरी, सखाराम नावाचा होता.

इथे एक सावधगिरी. हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न तिथलं सरकार दीर्घकाळ मानत नव्हतं. सरकारी नोंदणी केली तरच ते लग्न. त्यामुळे घरात रीतसर लग्न झालेलं असूनही कागदावर मुलं अनौरस लिहिली गेली आणि काहींच्या नावापुढे आईकडचं नाव लागलं. सुनेच्या घरात असं काही निघालं तर कुणी बिचकू नये. तो त्या बाईच्या चारित्र्याचा दाखला नाही, तिथल्या कायद्याचा आहे. मात्र आडनाव आईकडून आलेलं असेल तर शोधाची दिशा पूर्ण बदलते, म्हणून हे पहिल्यांदा तपासायचं.

शोध सुरू करायचा तो मॉरिशसमध्ये, आणि तोही आजच्या पिढीपासून उलटा. सुनेचा जन्मदाखला, तिच्या वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा. लग्नाचे आणि मृत्यूचे दाखलेही. हे सगळं तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयातून मिळतं. घाई करून मधली पिढी गाळायची नाही. एकाच साखरमळ्यावर तीन-तीन सखाराम असत, आणि साखळीतला एक दुवा अंदाजाने जोडला की पुढचं सगळं दुसऱ्याच्या घराण्याचं होतं. दाखले लावत मागे जाता जाता एका नोंदीत बापाच्या किंवा आजाच्या नावापुढे एक क्रमांक दिसेल. तो दिसला की अर्धं काम झालं.

त्या क्रमांकाची गोष्ट अशी. कलकत्त्याहून निघालेलं ‘अ‍ॅटलास’ जहाज छत्तीस मजूर घेऊन २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागलं, आणि तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर या बेटावर उतरली. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि ऊस तोडायला हात हवे होते. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरं. आपली माणसं गेली ती मुंबईहून. बंदरावरच्या ज्या डेपोत त्यांना उतरवलं, तो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपलेला आहे. २००६ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. उतरलेल्या प्रत्येकाला, बाईला आणि मुलालाही, एक क्रमांक दिला जाई. तो आयुष्यभर त्याच्या पासावर, करारावर, पुढे मुलाच्या जन्मनोंदीवर चालत राही. मळेवाल्यांच्या लेखी ती माणसाला धरून ठेवायची सोय होती. आज नातवंडांना आजा सापडतो तो त्याच क्रमांकामुळे, आणि या विरोधाभासाची मला अजून सवय झालेली नाही.

या क्रमांकांची मूळ रजिस्टरं मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. सुनेने किंवा तिच्या वडिलांनी स्वतः अर्ज करावा. वारसांनी दाखल्यांची साखळी नेली की शोध सोपा होतो. तिथून मिळालेल्या उताऱ्यात नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जहाज, आल्याची तारीख आणि पहिला मालक हे असतं, आणि आपल्याला हवं ते म्हणजे जिल्हा, परगणा, गाव. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. सखाराम त्यानंतर तिथे हयात असेल आणि नशीब जोरावर असेल, तर नातवाला खापरपणजोबांचा चेहरा बघायला मिळेल. असा फोटो पहिल्यांदा हातात घेतलेल्या माणसासमोर मी बसलेलो आहे. अशा वेळी आपण बोलू नये, पाणी आणून ठेवावं.

काळाचाही विचार करा. १८३९ मध्ये ही भरती कायद्याने थांबवली होती आणि १८४२ च्या कायद्याने परवानगी मिळून १८४३ पासून मॉरिशसची वाट पुन्हा उघडली. बंदीच्या आधी गेलेल्यांच्या नोंदी त्रोटक आहेत, नंतरच्या बऱ्याच भरलेल्या. शिवाय १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला करार संपल्यावर फुकट परत आणायची सोय बंद झाली. म्हणजे ‘पाच वर्षांनी येतो’ म्हणून गेलेल्या किती जणांना येताच आलं नाही, हे लक्षात ठेवून मगच ‘गाव सोडून गेला तो गेला’ असं कुणी म्हणावं.

आता उतारा हातात आला असं धरू. जिल्हा रत्नागिरी, परगणा काहीतरी, गाव काहीतरी. इथे बहुतेक लोक नकाशा उघडतात आणि जवळच्या उच्चाराचं गाव पकडतात. मीही तेच केलं होतं. बारा वर्षांपूर्वी एका मॉरिशसच्या कुटुंबाने तोंडी माहितीवर ‘धामापूर’ सांगितलं. उतारा यायला वेळ होता आणि त्यांची परतीची तिकिटं काढलेली होती. मी त्यांना संगमेश्वराकडच्या धामापूरला नेलं. तिथे योगायोगाने जुळतील अशी नावं मिळाली, लोकांनी मायेने जेवू घातलं, ग्रामदेवतेची ओटी भरली, आजीबाई मातीची पुडी बांधून घेऊन गेल्या. दोन महिन्यांनी उतारा आला, त्यात परगणा मालवण. तलाव असलेलं ते दुसरं धामापूर. चूक सर्वस्वी माझी होती. उतारा आल्याशिवाय कुणालाही कुठल्याही गावात न्यायचं नाही हा नियम मी तेव्हापासून पाळतो. आजीबाई नंतर पुन्हा येऊ शकल्या नाहीत.

म्हणून परगण्याचा रकाना गावाच्या रकान्याइतकाच जपून वाचा. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. तोवर मालवण, वेंगुर्ला, देवगड रत्नागिरीतच. सावंतवाडी मात्र संस्थान, त्याची नोंद वेगळी येते. जुने तालुके सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असे होते, त्यातले काही किल्ल्यांच्या नावांचे. रजिस्टरात ‘अंजनवेल’ वाचून गुहागरजवळच्या त्या एका गावात जाऊन बसू नका. तो बहुधा चिपळूण-गुहागरचा सगळा मुलूख असतो. सुवर्णदुर्ग म्हणजे ढोबळमानाने दापोली-खेडकडचा. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असेल, ते डोळ्याने वाचू नका, मोठ्याने म्हणा, आणि शक्य तर कोकणातल्या म्हाताऱ्या माणसासमोर म्हणा. धामणी, धामणसे, धामणंद, धामापूर ही चारही कारकुनाच्या लेखणीतून जवळजवळ सारखीच उतरू शकतात, आणि ती सगळी एका तालुक्यातली नाहीत. संगमेश्वरातच धामापूर तर्फ देवरुख आणि धामापूर तर्फ संगमेश्वर अशी दोन आहेत. १९५१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावांची पूर्ण यादी मिळते. मी अजूनही तीच वापरतो, कारण तिच्यात नव्याने पडलेल्या महसुली गावांची गर्दी कमी आहे.

गावाच्या रकान्यात नुसतं ‘मुंबई’ असेल तर निराश होऊ नका, पण आशाही जरा कमी ठेवा. कोकणातला माणूस आधी मुंबईला हमाली-मजुरीला येई आणि तिथे मुकादमाच्या हाती लागे. विचारल्यावर राहतं ठिकाण सांगे. अशा वेळी त्याच जहाजातून त्याच दिवशी उतरलेल्यांच्या नोंदी मागवा. माणसं एकटी जात नसत, वाडीतली चार-सहा मिळून जात. शेजारच्या क्रमांकाच्या माणसाने गाव सांगितलेलं असतं आणि दोघांचा पहिला मळा एकच असतो. यातून मला दोनदा गाव मिळालं आहे.

जातीच्या रकान्याबद्दल स्पष्ट बोलतो. तिथे मराठा, कुणबी, महार, भंडारी असं काहीही निघेल. कारकुनाने ऐकून लिहिलेलं, कधी माणसाने मुद्दाम वेगळं सांगितलेलं. घराण्याची गोष्ट त्याच्याशी जुळेलच असं नाही. काही कुटुंबं आपण अमुक सरदाराचे वंशज अशी समजूत घेऊन येतात आणि उताऱ्यातला शब्द बघून गप्प होतात. मला हे बघवत नाही. दुष्काळ, कर्ज किंवा खोताचा जाच यांतून सुटायला जो माणूस आयुष्यात न पाहिलेल्या समुद्रापार गेला आणि तिथे मोडला नाही, त्याच्या वंशजांना आणखी कुणाचा आधार कशाला हवा? महिन्यात वंशवृक्ष देणाऱ्यांचा धंदा याच हौसेवर चालतो. कुठल्या कागदावरून कुठली पिढी जोडली हे जो सांगत नाही आणि कागदाची नक्कल देत नाही, त्याला एक रुपया देऊ नका.

सात-बाराचं म्हणाल तर हक्कनोंदणीचा कायदाच १९०३ चा. सखाराम गेला असेल त्यानंतर दोन पिढ्यांनी. खोती गावांत तर जमीन खोताच्या नावे, कुळाचं नाव फार तर खोताच्या बोटखतात, म्हणजे त्याच्या कुळांच्या नोंदीत. म्हणून इकडे शोध गेलेल्याचा करायचा नाही, मागे राहिलेल्यांचा करायचा. त्याचा भाऊ, पुतण्या गावात होता. गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात, बहुतेक मोडीत, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. अलीकडे कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने यातली बरीच पानं स्कॅन होऊन अनेक जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर आली आहेत. पूर्वी ज्यासाठी मला चार खेटे घालावे लागत ते आता घरी बसून दिसतं. त्यात ‘राणू’चा कुठला मुलगा, त्याचं आडनाव काय, वाडी कुठली हे जुळवायचं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीही गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात, पण त्यासाठी ही दोन्ही आधी हातात हवीत. मुंबईला काळा घोड्याच्या राज्य पुराभिलेखागारात या स्थलांतराबद्दलचा सरकारी पत्रव्यवहार आहे. तो वाचण्यासारखा आहे, पण एका सखारामाचं गाव शोधायला तिथे बसू नका. डीएनए चाचणीचंही तेच. कोकणातल्या वाड्यांमधून चाचणी केलेली माणसं फारशी नाहीत, मग जुळणार कुणाशी?

आता तुमच्या घरातला सगळ्यात चांगला पुरावा, ज्याचा तुम्ही जाता जाता उल्लेख केला: गोंधळ. सुनेच्या वडिलांना, त्यांच्याहून वडीलधारं कुणी असेल तर त्यांना, गोंधळात कुठल्या कुठल्या देवांना हाक घालतात ते जसंच्या तसं म्हणायला सांगा आणि आवाज रेकॉर्ड करा. अर्थ विचारू नका, दुरुस्त करू नका. भवानी, जोतिबा, खंडोबा सगळ्यांकडे येतात. पण मधेच काळकाई, झोलाई, वाघजाई आली तर खेड-दापोली-चिपळूणच्या बाजूला वळा. रवळनाथ, सातेरी, वेतोबा आले तर खाली सिंधुदुर्गाकडे. भाषा गेली, आडनाव गेलं, तरी देवाला नावाने हाक मारणं दीडशे वर्षं टिकलेलं मी पाहिलंय. तसंच झाकरीचं. तिथे मराठी लोक जी झाकरी नाचतात ती आपली जाखडी. कास्कावेलच्या एका गृहस्थांनी मला म्हणून दाखवलेल्या गाण्यातला एक शब्द त्यांनाही कळत नव्हता. तो होता ‘शिवार’.

आणखी एक घरचा शब्द ध्यानात असू द्या. गावात जाऊन ‘मॉरिशस’ म्हणालात तर म्हातारी माणसं मान हलवतील. तिथल्या साखरेला आपल्या आज्या ‘मोरस’ म्हणत, आणि त्या देशालाही मोरसच. ‘तुमच्या भावकीतलं कुणी मोरसला गेलं होतं का?’ असं विचारा. एका घरी याच प्रश्नावर नव्वदीच्या आजी म्हणाल्या, “आमच्या पानात एक पान जास्त वाढतात पितृपक्षात. मोरसवाल्याचं.” त्या घरच्या कुणालाही ते पान कुणाचं हे ठाऊक नव्हतं. उताऱ्यातल्या बापाच्या नावाशी त्यांच्या वंशावळीतलं नाव जुळलं.

कागद गोळा करायला आणखी एक कारण आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या दौऱ्यात सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी नागरिक राहूनही भारतात येण्या-राहण्याची मुभा देणाऱ्या कार्डाची, सोय जाहीर केली. सुनेला तुमच्या मुलामुळे ते मिळण्याचा मार्ग वेगळा आहे, पण तिच्या भावंडांना हीच दाखल्यांची साखळी उपयोगी पडेल. तेव्हा प्रत्येक दाखल्याच्या प्रमाणित प्रती दोन-दोन काढून ठेवा.

आणि हेही धरून चला की सखाराम एकटाच पूर्वज नव्हता. मुंबईहून गेलेल्यांत बायका कमी होत्या. त्याची बायको तेलुगू, तमिळ किंवा बिहारची असू शकते. घरात भोजपुरी आहे ती उगाच नाही. तिलाही क्रमांक होता, तिचंही गाव रजिस्टरात आहे. तिचा उतारा त्याच अर्जात मागा. बऱ्याच घरांत तो मागितलाच जात नाही.

गाव पक्कं झालं की लगेच निघू नका, शिमग्याची वाट बघा. गणपतीत जो तो आपल्या घरात गुंतलेला असतो. शिमग्यात चाकरमानी आलेले असतात, देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या ठरलेल्या जागी, असते, मग ती घरोघर निघते आणि कुठल्या वाडीत आधी, कुठल्या घरी नंतर हा क्रम मानाप्रमाणे ठरलेला असतो. ती वर्षानुवर्षं चालत आलेली घराण्यांची यादीच आहे. आदल्या दिवशी गुरवाला आणि गावकाराला भेटा, उताऱ्याची झेरॉक्स द्या, फोटो असेल तर तो मोठा करून न्या. नारळ सुनेच्या हातात द्या. गावकार गाऱ्हाणं घालताना तिचं नाव, तिच्या बापाचं नाव विचारील. तेव्हा तिने सखाराम बिन राणूपर्यंतची सगळी नावं ओळीने सांगावीत, म्हणून ती आत्तापासून पाठ करून घ्या.